शौकत पिंजारी आणि खालची टोपली

शौकत पिंजारीबद्दल तळोद्यात कुणालाही विचारा, एकच गोष्ट ऐकायला मिळेल: यानेच त्या संस्थेची सगळी मेल पुसली. सांगणाऱ्याने ती मेल कधी पाहिलेली नसते. मेल कशाशी खातात हेही त्याला माहीत नसतं. पण सांगण्याचा थाट असा, की जणू त्या दिवशी हा शौकतच्या शेजारी खुर्ची टाकून बसला होता. शेजारी खुर्ची टाकून मी बसलो होतो. मी नवनीत पाटील, मूळ गाव कळसाडी, त्या संस्थेचा मुख्य लिपिक, आता निवृत्त. संस्थेचं नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील आणि न ओळखणाऱ्यांचं काही अडत नाही.

शौकतचे वडील खरोखरच कापूस पिंजायचे. खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव हिंडायचे, अंगणात बसून जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून द्यायचे. कळसाडीला आमच्याकडे ते दिवाळीच्या आधी येत. त्यांच्या भुवयांवर कापसाचे तंतू बसलेले असत आणि आम्ही पोरं त्यांना हसायचो. पुढे तयार गाद्या आल्या आणि धनुकली माळ्यावर गेली. शौकतने आयटीआय केलं, नंदुरबारच्या एका दुकानात तीन वर्षं स्क्रू पिळले आणि २००९ साली तळोद्याला स्टँडच्या मागे एक टपरीवजा दुकान टाकलं. पाटी स्वतःच्या हाताने रंगवली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘कॉम्प्युटर दुरुस्ती. आधी विचारू, मग उघडू.’ लोक पाटी वाचून हसले, पण मशीन बंद पडलं की तिथेच गेले.

अंगाने काटकुळा, शर्टाच्या खिशात एक पेचकस आणि एक दाढीचा ब्रश. त्या ब्रशने तो पंख्यांमधली धूळ काढायचा, आणि ती काढताना समोरच्याशी बोलत राहायचा. आमच्या संस्थेत त्याला पहिल्यांदा मीच बोलावलं. प्रिंटर अडला होता. त्याने पंधरा मिनिटांत चालू केला आणि मग मला अर्धा तास समजावून सांगितलं की तो का अडला होता. मला घाई होती, पण त्याला नव्हती. त्यानंतर संस्थेच्या अकरा शाळांचं काम हळूहळू त्याच्याकडे गेलं. ‘नानांनी मला उभं केलं,’ असं तो माझ्याबद्दल चारचौघांत सांगायचा. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

त्याची एक वही होती, कार्बन घातलेली. मशीनला हात लावण्याआधी तो तिच्यात मराठीत तीन-चार ओळी लिहायचा: काय बिघडलंय, आपण काय करणार, त्यात काय जाऊ शकतं. मग ती गिऱ्हाइकाला वाचायला लावायचा आणि खाली सही घ्यायचा. एक प्रत त्याची, एक गिऱ्हाइकाची. लोकांना याचा वैताग यायचा. गावातले एक डॉक्टर एकदा म्हणाले, अरे, अशी सही तर मी ऑपरेशनच्या आधी घेतो. शौकत म्हणाला, तुमच्याचकडून शिकलो, माझ्या आईच्या ऑपरेशनला तुम्ही घेतली होती.

एकदा विसरवाडीला हायवेवरच्या एका वजनकाट्यावर त्याला बोलावलं होतं. तिथे त्याच्या हातून चुकीची फाइल पुसली गेली आणि पावत्या छापणं अर्धा दिवस बंद राहिलं. ट्रकांची रांग लागली. मालकाला कळायचं काही कारण नव्हतं. मशीन जुनं आहे म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. शौकतने स्वतः जाऊन सांगितलं, माझ्या हातून झालं. मालकाने त्याला चार ट्रकवाल्यांदेखत आईबहिणीवरून शिव्या दिल्या. ही हकीकत त्याने मला हसत हसत सांगितली होती. मी त्याला म्हणालो होतो, मूर्ख आहेस, गप्प बसायचं. असा सल्ला देणारा माणूस पुढे कसा वागणार, हे शौकतला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता आमच्या ऑफिसची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. संस्था काढली चुडामणअण्णांनी. अण्णांच्या टेबलाखाली एक वेताची टोपली असायची. आलेला कागद वाचला, त्यावर शेरा मारला, काम झालं, की अण्णा तो कागद खाली टोपलीत टाकायचे. टोपली म्हणजे कचरा नव्हे. संध्याकाळी शिपाई दोधू त्यातले कागद उचलायचा, शाळेप्रमाणे लावायचा आणि लाल फडक्याच्या बस्त्यात बांधून ठेवायचा. आमचं सगळं दप्तर असं त्या टोपलीतून गेलेलं आहे. कचऱ्याला व्हरांड्यात पत्र्याचा डबा होता. एका नव्या कारकुनाने पहिल्याच दिवशी टोपलीत भुईमुगाची टरफलं टाकली, तर अण्णांनी त्याला ती एकेक करून वेचायला लावली होती.

अण्णा गेले, त्यांचा मुलगा भाग्येश सचिव झाला. वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण आम्ही त्याला भाग्येशदादाच म्हणायचो. खुर्ची तीच, टोपलीही तीच. मग ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि त्यावर मेलचा प्रोग्राम आला. दादांनी पाहिलं की यादीच्या तळाशी टोपलीचं चित्र आहे. त्यांना ते लगेच पटलं. मेल वाचली, उत्तर गेलं, काम झालं, की बटण दाबून मेल टोपलीत. दहा वर्षं असंच चाललं. दादा करत म्हणून मी करायचो, मी करायचो म्हणून बाकीचे करायचे. जुनी मेल हवी असली की मी टोपली उघडायचो, नाव टाकून शोधायचो आणि छापून द्यायचो. एकदाही अडलं नाही. त्या टोपलीत काय काय आहे हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे मी याच्या अगदी उलट बोललो आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तो प्रोग्राम रुसला. मेल उघडली की पाटी यायची: मेमरी अपुरी आहे. पुन्हा उघडावं तर पुन्हा तीच. दादा म्हणाले, मेमरी नाही तर विकत आणा, त्यात काय. शहाद्याच्या एका दुकानदाराने येऊन मेमरीची नवी पट्टी बसवली, आधीच्या दुप्पट. दोन दिवसांनी पाटी हजर. मग त्याने सांगितलं की मशीनच बदला. तेव्हा कुठे शौकतला बोलावण्याची आठवण झाली, कारण शौकत काही विकत नव्हता, नुसता दुरुस्त करायचा, आणि अशा माणसाला आपण शेवटी बोलावतो.

तो शनिवार होता. दादा लग्नाला नाशिकला गेलेले. शाळांच्या शिक्षकसंख्येच्या दुरुस्त्या त्या दिवशी पाचच्या आत मेलने पाठवायच्या होत्या आणि दुपारचे बारा वाजले होते. शौकतने आधी मशीनमध्ये किती मेमरी वापरात आहे ते पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “मेमरी रिकामी पडेल शे, नाना. हाऊ प्रोग्रामच खोटं बोली ऱ्हायना.”

मग त्याने मला समजावायला घेतलं. प्रोग्राम जुन्या घडणीचा आहे. बाहेर घागर कितीही मोठी ठेवा, हा आपल्या तांब्याने जेवढं मावेल तेवढंच उचलणार. म्हणून नवी पट्टी बसवून उपयोग झाला नाही. आता तांब्यात काय भरलंय ते बघू. त्याने प्रोग्राम नुसताच, जोडकामं बंद ठेवून उघडला. व्हायरस तपासणारं एक, कागद छापणारं एक, फोनशी जुळवणारं एक, अशी तीन शेपटं त्याला लागलेली होती. ती काढल्यावर प्रोग्राम वीस मिनिटं नीट चालला. मला वाटलं सुटलो. तेवढ्यात पुन्हा पाटी आली. शौकत वैतागला नाही. त्याने मेलची मूळ फाइल शोधून काढली आणि तिचा आकार बघून शीळ घातली. एवढी मोठी फाइल त्याने तळोद्यात पाहिली नव्हती. वरच्या खणात दोनशे मेल, आणि टोपलीत साठ हजारांहून जास्त.

साठ हजार कशा? अकरा शाळा रोज दुपारी खिचडीचा फोटो पाठवायच्या. पातेल्याचा एक, पंगतीचा एक, चव घेणाऱ्या शिक्षकाचा एक. दहा वर्षांची खिचडी त्या टोपलीत शिजत होती. आम्ही दोघं खूप हसलो. शौकतबरोबर मी इतका मोकळा हसलो तो शेवटचाच प्रसंग.

हसून झाल्यावर त्याने सांगितलं की आधी टोपलीची एक प्रत बाहेर काढून ठेवू, मग ती रिकामी करू आणि फाइल आवळून लहान करू. आवळल्यावर आतलं परत मिळत नाही, आणि या मेलची प्रत वर इंटरनेटवरही राहत नाही, पंधरा दिवसांत तिथून जाते. म्हणून आधी प्रत. मशीनवर तेवढी जागा नव्हती. त्याच्याकडे डिस्क होती, पण बाहेरची डिस्क ऑफिसच्या मशीनला लावायची नाही असा दादांचा सक्त हुकूम होता. एकदा आमची शिक्षकांची यादी दुसऱ्या संस्थेच्या हाती लागली होती, तेव्हापासूनचा. दादांना एक फोन केला असता तर काम झालं असतं. पण लग्नात त्यांना फोन करायचा म्हणजे बोलणी खायची. शौकत म्हणाला, मग सोमवारी करू.

सोमवार म्हणजे पाचची वेळ चुकणार, आणि ती चुकली की माझ्या मानेवर बसणार. मी म्हटलं, आत्ताच कर. त्याने वही काढली. लिहिलं: टोपलीतल्या सर्व मेल कायमच्या काढणार, प्रत ठेवलेली नाही, परत मिळणार नाहीत. आणि मला विचारलं, “यामातलं काही लागस का, नाना? एकदाव गयं ते परत येत नही.”

मला माहीत होतं. आदल्याच आठवड्यात मी त्याच टोपलीतून एक जुनी मेल काढून छापली होती. पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत राहिलो की घाईत विसरलो. विसरलो नव्हतो. एक क्षण हात थांबला होता. मनात आलं, कोण मागणार आहे दहा वर्षांपूर्वीची मेल, आणि मागितलीच तर तेव्हाचं तेव्हा बघू. मी म्हटलं, “काहीच लागत नही. काढ.” आणि सही केली, खाली तारीखसुद्धा टाकली, कारकुनाची सवय.

शौकतने टोपली रिकामी केली, फाइल आवळली. अडीच तास लागले. चार वाजता प्रोग्राम पळायला लागला. पाचच्या आत माझं काम गेलं. मी त्याला शाबासकी दिली आणि त्याने नेहमीप्रमाणे मला पुढे काय काळजी घ्यायची ते सांगितलं. मी ऐकलं नाही. माझी प्रत मी घडी करून खिशात टाकली आणि ती धुण्यात गेली.

दोन महिन्यांनी एका सुनावणीसाठी आठ शिक्षकांच्या मान्यतेची जुनी मेल हवी झाली. दादांनी टोपली उघडली. आत दोन महिन्यांची खिचडी, बाकी काही नाही. दादांचा आवाज व्हरांड्यापर्यंत आला. हे कोणी रिकामं केलं, असं त्यांनी विचारलं आणि मी म्हणालो, शौकतने. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. अर्धं खरं बोलून माणूस कसा अंग काढून घेतो हे कुणाला शिकायचं असेल तर माझ्याकडे यावं.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला मी हात लावला नाही, फक्त थांबवलं नाही. दादांनी आधी म्हटलं, निष्काळजी माणूस. आठ दिवसांनी म्हटलं, मुद्दाम केलं असेल. मग कुणीतरी पिल्लू सोडलं की शौकत दुसऱ्या संस्थेच्या ऑफिसातही जातो. जात होताच, साऱ्या तळोद्यात तोच जात होता. त्यात त्याचं आडनाव पिंजारी. जी माणसं काल त्याला शौकतभाई म्हणत होती, ती आज ‘त्या लोकांना मशीन उघडायला देऊच नये’ असं म्हणायला लागली. हे माझ्यासमोर बोललं जायचं. मी रजिस्टरात डोकं घालून बसायचो.

एका सकाळी शौकत माझ्या घरी आला. माझी बायको वत्सला चहा ठेवायला उठली तर नको म्हणाला. खुर्चीच्या टोकावर बसला. पतपेढीने त्याला येऊ नको म्हणून कळवलं होतं. त्या डॉक्टरांनी मशीन दुसरीकडे पाठवलं होतं. सही दुसऱ्याची, दुरुस्ती त्याची, आणि बुडत होतं ते त्याचं नाव. तळोद्यासारख्या गावात दुरुस्ती करणाऱ्याकडे नावाशिवाय दुसरं असतं काय? त्याने तक्रार केली नाही. एवढंच म्हणाला, “वही मन्हाजोडे शे, नाना. मी ती दखाडी तं लोके म्हनतीन, पिंजारी वही दखाडीसन सुटना. तुमी सांगं तं त्या मानतीन.”

त्याचं म्हणणं मला तेव्हाही पटलं आणि आजही पटतं. कागदाने तो सुटला असता, पण मोकळा झाला नसता. मी स्वतःहून म्हटलं असतं की चूक माझी, मी सांगितलं म्हणून त्याने केलं, तर गावाने त्याच संध्याकाळी त्याला पुन्हा शौकतभाई म्हटलं असतं. मी त्याला वचन दिलं की सांगतो. त्या वेळी माझ्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. चूक कबूल केली तर चौकशी लागणार, पेन्शनचे कागद अडणार, असा हिशेब मी मनात मांडला. सोमवारी सांगतो, असं स्वतःशी म्हटलं. मग दादांचा मूड बघून सांगतो, असं. असे तीन आठवडे गेले. वत्सला रोज विचारायची, सांगितलं का? शेवटी तिने विचारणं सोडलं, आणि ते मला जास्त लागलं.

मग कार्यकारिणीची बैठक लागली आणि शौकतला बोलावणं गेलं. दादा, दोन म्हातारे संचालक, आणि इतिवृत्त लिहायला मी. शौकत इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मांडीवर प्लास्टिकची पिशवी. दादांनी विचारलं, कोणाच्या परवानगीने केलंस? शौकतने माझ्याकडे पाहिलं. मी लेखणीचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. तेव्हा नाइलाजाने त्याने पिशवीतून वही काढली, पान उघडलं आणि ती ओळ वाचून दाखवली.

दादांनी वही माझ्यापुढे सरकवली. “नाना, ही सही तुमची?”

मी म्हणालो, “सही माझी आहे. पण मला कॉम्प्युटरमधलं काय कळतं, दादा? त्याने पुढे केलं, मी केली.”

सगळ्यांना ते लगेच खरं वाटलं. सत्तावन्न वर्षांचा कारकून, त्याला काय कळणार मशीनमधलं. एक संचालक तर कीव आल्यासारखा हसला. दहा वर्षं त्या टोपलीतून मेल काढून मीच त्या सगळ्यांच्या हातात ठेवल्या होत्या, पण त्या क्षणी ते कुणाला आठवलं नाही, दादांनाही नाही. आठवून घ्यायचंच नव्हतं, कारण मग टोपलीचा विषय निघाला असता, आणि टोपलीत मेल टाकायची रीत दादांनी पाडली होती.

शौकतला सगळं माहीत होतं. मला किती कळतं हे त्याच्याएवढं कुणाला ठाऊक असणार? त्यानेच तर शिकवलं होतं. तो ते बोलू शकला असता. त्याने वही बंद केली, पिशवीत घातली आणि उठला. दारातून जाताना नेहमीच्या सवयीने मला म्हणाला, “येस, नाना.” म्हणजे ‘येतो’. आणि गेला.

इतिवृत्त मला लिहायचं होतं. मी लिहिलं: ‘तंत्रज्ञ श्री. शौकत पिंजारी यांनी संस्थेच्या मेलमधील महत्त्वाचे दप्तर परस्पर नष्ट केल्याचे दिसून येते.’ त्यातला ‘परस्पर’ हा शब्द मला कोणी सांगितला नव्हता. दादांनी फक्त ‘लिहून टाका’ म्हटलं होतं. शब्द माझा. अक्षर माझं चांगलं आहे, सगळे म्हणतात. त्या ठरावाच्या अकरा प्रती अकरा शाळांना माझ्याच हाताने गेल्या.

आणि ज्या मेलसाठी हे सगळं झालं, तिचं काय? बैठकीनंतर पंधरा दिवसांत ती मिळाली. दोन शाळांनी तेव्हाच छापून ठेवली होती, प्रती आल्या, सुनावणी पार पडली. त्या टोपलीत असलेली एकही गोष्ट अशी निघाली नाही की जिच्यावाचून कुणाचं अडलं. मेल पुसल्याने कुणाचं काही गेलं नाही. दादांनाही हे कळलं होतं. पण ठराव मागे घ्यायचा म्हणजे नवी बैठक, नवा विषय, आणि संस्था चुकली असं लिहिणं. ते कोण लिहिणार? लिहिणारा मीच होतो.

शौकतने दुकान आणखी सहा महिने ओढलं. मोबाइलच्या काचा लावल्या, कव्हरं विकली. मग शटर लावलं आणि सुरतेला गेला. एका कापड मार्केटमध्ये गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम करतो असं ऐकलं. मशीन उघडत नाही म्हणे. आमच्या ऑफिसात त्यानंतर जो आला त्याने नवं मशीन विकलं आणि टोपली आहे तशीच भरू दिली. मी ठरल्या तारखेला निवृत्त झालो. नारळ मिळाला, शाल मिळाली. दादांनी भाषणात म्हटलं की नानांच्या काळात दप्तर चोख राहिलं. पेन्शन वेळेवर सुरू झाली. एक कागद अडला नाही.

गेल्या महिन्यात मी शौकतच्या घरी गेलो. का गेलो? झोप लागत नव्हती वगैरे काही नाही, झोप मला उत्तम लागते. रिकामा वेळ होता आणि रिकाम्या वेळात हेच आठवायचं. दुपारची वेळ होती. शौकतची बायको शहाबानो दारातच शिलाई मशीनवर बसली होती. मुलगी अस्मा आत अभ्यास करत होती. मला बघून ती उठली आणि मधला पडदा ओढून घेतला. शहाबानोने मला बसायला वेताचा मोडा दिला, पाणी दिलं. मी पाणी प्यालो आणि घरून पाठ करून आणलेलं बोललो. चूक माझी होती, मी सांगितलं म्हणून शौकतने ते केलं, मला सगळं माहीत होतं, बैठकीत मी खोटं बोललो.

तिने पाय मशीनवरून काढला. रागावली नाही. रडलीही नाही, आणि खरं सांगायचं तर ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

“हाई मले कसाले सांगतस, नाना?” ती म्हणाली. “मले तं तवयच मालूम व्हतं. गावले सांगा.”

मी सांगतो म्हणालो. तिने मान हलवली आणि पुन्हा कापड सुईखाली सरकवलं. मी उठलो.

गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. तिथे आमच्या एका शाळेतला जुना शिपाई झिपरू बसला होता, आणखी चार-पाच जण होते, सगळे ओळखीचे. दोघांची मशीनं कधीतरी शौकतने दुरुस्त केलेली. झिपरूने सरकून मला जागा दिली आणि विचारलं, इकडे कुठे? मी म्हटलं, जरा शौकतच्या घरी गेलो होतो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढी माणसं मला आयती, एका जागी, कान टवकारून बसलेली मिळाली होती. शहाबानोने सांगितलेलं करायला दोन वाक्यं पुरली असती, आणि आता पेन्शनही सुरू झालेली होती.

झिपरू म्हणाला, “शौकत? संस्थानी मेल पुशी टाकी, तोच ना?”

मी म्हणालो, “हा. तोच.” आणि चहा सांगितला.